मालवणची एका दिवसाची बेट-ट्रिप, सहा-आठ जणांसाठी: तिथी बघून दिवस कसा आखायचा

पहिल्यांदा आम्ही मालवणला स्नॉर्कलिंग केलं तो पौर्णिमेचा रविवार होता, दुपारी साडेबाराची वेळ, एका बोटीत बावीस जण, आणि मास्क लावून डोकं पाण्यात घातलं तर समोर मुगाच्या कढणासारखं हिरवट पाणी. हात लांब केला तर स्वतःचीच बोटं धूसर दिसत होती. पैसे दिलेत म्हणून दहा मिनिटं तसंच तरंगलो आणि वर आलो. परत येताना बोटीवर जे वयस्कर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, होते ते हळूच म्हणाले, "आज काय दिसाचा नाय, पाणी ढवळलेला आसा. दशमीक येवा."

दशमीला गेलो. जागा तीच, मासे तेच, आणि खालचा दगड न् दगड दिसत होता. तेव्हापासून आम्ही कोल्हापूरहून जातो ते पंचांग बघूनच, दरवेळी सहा ते आठ जण, आणि अख्खा दिवस पाण्याच्या वेळेवर बांधतो. सकाळी स्नॉर्कलिंग, मग सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी देवबागला किनाऱ्यावर जेवण आणि शेवटी संगमावर बोटीची फेरी. हे सगळं एका दिवसात आरामात बसतं, फक्त क्रम चुकवायचा नाही. तो क्रम कसा ठरतो ते खाली सविस्तर लिहितोय.

दिवस कुठला घ्यायचा

आधी महिना. मे संपत आला की किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद होतात ते ऑगस्टअखेरपर्यंत, त्यामुळे पावसाळ्याचा विचारच नको. सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतं पण नद्यांचं गढूळ पाणी अजून समुद्रात येत असतं, वर बघायला सगळं हिरवंगार आणि सुंदर, खाली मात्र काही नाही. खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मार्चही चालतो. एप्रिल-मेमध्ये लोक सुट्टी असते म्हणून जातात, पण तेव्हा वारा वाढलेला असतो, दुपारी समुद्र उसळतो, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात तर मी घरच्यांना अजिबात नेणार नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याच्या जवळ येऊन उलटली आणि दोन पर्यटक गेले. मान्सून दाराशी असताना समुद्र कधी फिरेल सांगता येत नाही.

नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा टाळा, खोली मिळत नाही आणि मिळाली तर भाव ऐकवत नाही. डिसेंबरमध्ये चिवला बीचवर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा असते, तेव्हाही गाव भरलेलं असतं, आणि आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा असेल त्या दिवसांत तर मालवणचा रस्ताच धरू नका (जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, ती जरूर बघा, पण मग त्यात स्नॉर्कलिंग मिसळू नका).

आता तिथी. आपल्या किनाऱ्यावरची जुनीजाणती माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात आणि त्याचं गणित अगदी सोपं आहे, तिथीला ३ ने गुणायचं आणि ४ ने भागायचं, उत्तर येईल त्या वाजता भरती पूर्ण. शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. चतुर्थी असेल तर ४ गुणिले ३ बारा, भागिले ४ म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. जागेप्रमाणे पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून हे गणित तारीख निवडायला वापरा आणि नक्की वेळ मोबाईलवरच्या टाइड टेबलमधून किंवा सरळ बोटवाल्याकडून घ्या.

दुसरी गोष्ट, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती खूप वर आणि ओहोटी खूप खाली, तेवढं सगळं पाणी सहा तासांत आत-बाहेर करणार म्हणजे ओढ जोराची आणि तळाची वाळू उठलेली. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांग असतो, पाणी कमी चढतं कमी उतरतं, ओढ मंदावते आणि गाळ खाली बसतो. आता हे दोन्ही जोडा. दशमीला भरती सकाळी साडेसातला म्हणजे समुद्रातलं स्वच्छ पाणी नुकतंच किनाऱ्याला आलेलं, ओढ कमी, सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा हलका, त्यामुळे लाटाही कमी. आठ ते दहा हे दोन तास म्हणजे सोनं. आणि ओहोटी दुपारी पावणेदोनच्या आसपास, म्हणजे देवबागचा वाळूचा पट्टा जेवणाच्या वेळेला वर यायला लागतो. तांडेलकाका दशमी का म्हणाले ते मला कागदावर मांडल्यावर कळलं. नवमी, दशमी, एकादशी यातला कुठलाही दिवस घ्या, शनिवार-रविवार सोडून मिळाला तर अजूनच छान.

माणसं किती आणि बोट कशी बघायची

सहा ते आठ. त्याहून कमी असाल तर बोटीचा खर्च डोईजड होतो, जास्त असाल तर पाण्यात लक्ष राहत नाही. आमचा नियम असा की ज्यांना पोहता येत नाही त्यांच्या दुप्पट माणसं पोहणारी किंवा गाईड असली पाहिजेत, हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही पण त्यामुळे दरवेळी डोकं शांत राहिलंय.

पॅकेज घेऊच नका असं म्हणत नाही, पण पॅकेजमध्ये वेळ त्यांची असते, आणि इथे वेळच महत्त्वाची आहे. त्याऐवजी मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर आदल्या संध्याकाळी चालत जा, किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला नेणाऱ्या बोटी तिथे लागलेल्या असतात, दोन-तीन जणांशी बोला आणि फक्त आपल्या ग्रुपसाठी सकाळी आठची बोट ठरवा. बोलताना एवढं स्पष्ट विचारून घ्या: बोट फक्त आमची का, पाण्यात किती वेळ, सोबत पाण्यात उतरणारे गाईड किती, मास्क-फिन्स त्यात धरलेत का, फोटो-व्हिडिओचे वेगळे का. 'पाण्यात किती वेळ' हा प्रश्न विसरू नका, कारण बऱ्याच ठिकाणी ठरलेला दर हा पंधरा-वीस मिनिटांचा असतो आणि ते खाली उतरल्यावर कळतं. आम्ही पाऊण तास ठरवून घेतो.

बोट डोळ्यांनी बघा. लायसन्स आहे का आणि बोटीवर नंबर आहे का, किती माणसांची क्षमता लिहिली आहे, माणशी एक लाइफ जॅकेट आहे का आणि त्याचे पट्टे-बकल धड आहेत का, लहान मुलांच्या मापाचं आहे का. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली राहतं, हे घरी टबात करून बघितलं तरी कळेल. पाण्यातून बोटीवर चढायला शिडी आहे का हे पण बघा, कारण उतरणं सोपं असतं, दमल्यावर वर चढणं अवघड, आणि पन्नाशीच्या पुढच्या माणसाला दोघांनी काखेत धरून ओढून घेणं म्हणजे त्याच्या खांद्याचे हाल. आणि नांगर कुठे टाकता हे विचारा. चांगला माणूस वाळूत टाकतो किंवा बांधलेल्या बोयाला दोर लावतो, प्रवाळावर टाकत नाही. या प्रश्नाचं उत्तर तो कसं देतो त्यावरून माणूस कळतो, मला तरी.

आदल्या दिवशी

रेल्वेने आलात तर कुडाळ किंवा कणकवलीला उतरायचं, कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. मुंबईहून कोकणकन्या किंवा तुतारी सोयीची. चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला पण विमानं मोजकी, वेळापत्रक बघूनच ठरवा. आम्ही कोल्हापूरहून फोंडा घाटाने गाडी घेऊन येतो आणि संध्याकाळी पाचच्या आत पोचतो, कारण आदल्या संध्याकाळी तीन कामं असतात.

एक म्हणजे वर सांगितलेली बोट. दुसरं जेवणाची ऑर्डर, त्याबद्दल पुढे. तिसरं म्हणजे मास्क. मास्क स्वतःचा असेल तर उत्तम, नसेल तर बोटवाल्याकडचे आदल्या दिवशीच घालून बघायची परवानगी मागा, बहुतेक जण देतात. पट्टा न लावता मास्क नुसता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा, पडला तर दुसरा घ्या. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट वाढते, हे लोकांना पटतच नाही. दाट मिशी असेल तर वरच्या ओठापाशी थोडं व्हॅसलीन लावलं की पाणी येत नाही. केसाची एक बट जरी मास्कच्या कडेखाली आली तरी पाणी झिरपतं, म्हणून केस घट्ट बांधायचे.

रात्री जेवण हलकं, दारू नाही, आणि ज्यांना बोट लागते त्यांनी उलटीची गोळी डॉक्टरला विचारून वेळेत घ्यावी, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नसतो. दमा, हृदयाचा त्रास, फिट येण्याचा इतिहास, गरोदरपण, यातलं काही असेल तर किनाऱ्यावर बसायचं, त्यात कमीपणा काही नाही. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क मिळतो का ते विचारावं.

बॅगेत काय: पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट, टॉवेल, कोरडे कपडे, वाळूत आणि खडकावर चालायला मागून पट्टा असलेली चप्पल, मोबाईलसाठी वॉटरप्रूफ पिशवी, पाणी, ग्लुकोज, चिमटा आणि थोडा बँडेजचा कापूस. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट मला जास्त आवडतो, पाठ भाजत नाही आणि ते तेलकट सनस्क्रीन पाण्यात उतरून प्रवाळावर जात नाही.

सकाळी आठ: पाण्यात

साडेसहाला उठून दोन घावणे आणि चहा, बस. मिसळ किंवा वडे आत्ता नाहीत, भरल्या पोटी स्नॉर्कलच्या नळीतून श्वास घेणं जमत नाही, आणि उपाशी पोटी बोट लागते.

बोटीने किल्ल्याच्या बाजूला खडकांजवळ यायला फार वेळ लागत नाही. पण थेट तिथे उडी मारायची नाही. आधी किनाऱ्यालाच कमरेइतक्या पाण्यात दहा मिनिटं द्यायची. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळायची आणि समुद्राच्या पाण्याने एकदा विसळायचं, मग काचेवर वाफ धरत नाही (किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब). नळी दातात हलकी धरायची, ओठ बंद, आणि श्वास फक्त तोंडाने, सावकाश. पहिली दोन मिनिटं प्रत्येकाला वाटतं की गुदमरतोय. गुदमरत नसतो, फक्त नाक बंद असण्याची सवय नसते. वाकून नुसता चेहरा पाण्यात घालायचा आणि वीस श्वास मोजायचे, वीस झाले की उभं राहायचं, परत वीस. नळीत पाणी गेलं तर घाबरून डोकं वर काढायचं नाही, जोरात 'फू' करायचं, पाणी वरून उडून जातं, आणि त्यानंतरचा पहिला श्वास हळू घ्यायचा, थोडं उरलेलं असू शकतं. हे किनाऱ्यावर चार वेळा मुद्दाम करा म्हणजे खोल पाण्यात भीती वाटत नाही.

माझी आत्या एकसष्ट वर्षांची, पोहता येत नाही, पाण्याची भीती. तिला या वीस श्वासांना अर्धा तास लागला आणि आम्ही सगळे थांबलो, आठ जणांच्या बोटीचा हाच तर फायदा. मग लाइफ जॅकेट, एका हाताने रिंग धरलेली, पलीकडून गाईडने रिंग धरलेली, आणि ती पाण्यावर पालथी. पाच मिनिटं काही हालचाल नाही म्हणून मी काळजीने जवळ गेलो तर तिने पाण्याखालूनच हाताने मला 'गप्प' अशी खूण केली. ती ऐकत होती. खाली एक हिरवा-निळा पोपट मासा चोचीने दगड खरवडत होता आणि त्याचा करकर आवाज येत होता, कोणीतरी लांब सुपारी कातरतंय असा. समुद्राखाली आवाज असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, मी आधीच्या सगळ्या खेपांना हात-पाय मारत फिरत होतो त्यामुळे ऐकूच आलं नव्हतं.

म्हणून सांगतो, फिरू नका, तरंगा. एका खडकावर दहा मिनिटं थांबा. आधी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर दिसतील, ते धीट असतात, मग फुलपाखरू मासे जोडीने येतील, मग दगडाच्या खपल्या वाटत होत्या त्यातली एखादी हलेल. काळे लांब काटेवाले समुद्री साळिंदर (सी अर्चिन) खाचांमध्ये असतात, त्यांच्यावर पाय पडला तर काटा आत मोडतो. लायन फिशही इथे आहे, पिसारा फुलवल्यासारखा सुंदर दिसतो आणि विषारी असतो, लांबून बघायचा.

आणि प्रवाळ. मालवणचं प्रवाळ अंदमानसारखं रंगीत बागेसारखं नाही, ते आधीच सांगतो म्हणजे निराशा होणार नाही. इथे दगडाला धरून वाढलेले गोल गठ्ठे, पापड उलगडल्यासारख्या कडा, असं आहे, पिवळट-तपकिरी-हिरवट. पण मुंबई-पुण्याहून एका रात्रीत पोचता येईल अशा जागी जिवंत प्रवाळ आहे हीच केवढी मोठी गोष्ट आहे. ते दगड नाहीत, लाखो बारीक प्राण्यांनी बांधलेलं घर आहे, वर्षाला काही मिलिमीटर नाहीतर फार तर एक-दोन सेंटीमीटर वाढतं, आणि पाणी नेहमीपेक्षा तापलं की पांढरं पडतं. तुमची एक लाथ म्हणजे त्याची कितीतरी वर्षं गेली. १९८७ मध्ये इथला २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सिंधुदुर्गाजवळच्या छोट्या पद्मगड किल्ल्याच्या आसपासचा भाग त्याच्या गाभ्यात येतो, आणि प्रवाळाचा तुकडा उचलणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मेलेला असला तरी. तर उभं राहायचं नाही, धरायचं नाही, दमलात तर पाठीवर उलटं होऊन तरंगा किंवा रिंग धरा. फिन्स लावल्यावर पाय किती लांब झालेत याचा अंदाज राहत नाही म्हणून नवख्यांना मी फिन्स देतच नाही, लाइफ जॅकेटवर त्यांची गरजही नसते.

काही गाईड फोटोत मासे यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटं टाकतात. त्यांना आधीच प्रेमाने सांगा की आम्हाला नको. बिस्किटाने ठरावीक मासेच गर्दी करतात, बाकीचे पळतात, आणि तुम्हाला मासा खाताना नाही तर भांडताना दिसतो.

पाऊण तास झाला की बाहेर. ओठ निळसर किंवा अंगावर काटा दिसला तर त्याआधीच. मुलं सांगत नाहीत, त्यांच्याकडे बघत राहावं लागतं.

साडेदहा: किल्ला

कपडे बदलून, एकेक केळं खाऊन मालवणच्या जेटीवर. किल्ल्याची होडी वेगळी असते, तिकीट काढून आलेल्या लोकांबरोबर बसायचं, दहा-पंधरा मिनिटांत पोचतो. वर साधारण तासभर मिळतो आणि परतीला त्याच होडीने यायचं असतं, होडीचं नाव-नंबर मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला बांधकाम सुरू झालं आणि तीनेक वर्षांत महाराजांनी हा जलदुर्ग उभा केला, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली. तटाचा घेर जवळपास तीन किलोमीटर, त्यामुळे तासाभरात सगळा होत नाही, हट्ट करू नका. होडीतून येताना दरवाजा शोधायचा खेळ मुलांना द्या. तट वळणावळणाचा असा आहे की अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही, आणि दिसला की मुलं जी ओरडतात! आत गेल्यावर चुन्यातले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे, मग शिवराजेश्वर मंदिर, जे राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलं. इथली महाराजांची मूर्ती दाढीशिवाय आणि नावाड्यासारख्या टोपीत आहे, अशी तुम्ही दुसरीकडे पाहिली नसेल. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी, चारी बाजूला खारं पाणी आणि आत गोडं. किल्ल्यात आजही काही घरं नांदती आहेत, त्यांच्या अंगणात डोकावून फोटो काढू नका, कोकम सरबत मात्र तिथेच प्या.

उरलेला वेळ तटावर पश्चिमेला जाऊन उभं राहा. सकाळी जिथे तरंगत होतो ते खडक वरून दिसतात, आणि ओहोटी लागल्यामुळे आता त्यातले काही उघडे पडलेले असतात. आत्या म्हणाली, "आपण त्याच्यावर होतो होय?"

एक वाजता: जेवण

मालवणहून देवबाग बारा-एक किलोमीटर, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी निमुळती पट्टी आहे, रस्ता अरुंद, गाडी हळू. हॉटेलात जेवू नका असं मी म्हणणार नाही पण किनाऱ्यावरचं जेवण हवं असेल तर देवबागमध्ये घरगुती जेवण देणारी भरपूर घरं आहेत, आदल्या संध्याकाळी एखाद्या घरी जाऊन ताटं सांगून ठेवायची आणि 'सुरूच्या बनात आणून द्याल का' विचारायचं. घर किनाऱ्याला लागूनच असतं, डबे घेऊन येतात.

मासा कुठला ते आपण ठरवायचं नाही, 'उद्या जो ताजा मिळेल तो' एवढंच सांगायचं. सुरमई-पापलेटचा हट्ट धरला की बर्फातलं येतं. आम्हाला गेल्या खेपेला बांगडे मिळाले, तिरफळ घातलेलं तिखलं आणि सोबत तळलेले, आणि आठही जण अजून त्याच बांगड्यांबद्दल बोलतात. तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर सोडू नका. शाकाहारी माणसासाठी 'काहीतरी करा' म्हणू नका, नाहीतर बटाट्याची भाजी येते, स्पष्ट सांगा की काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे, किंवा कुळथाची पिठी-भात, फणसाचे दिवस असतील तर फणसाची भाजी. सोलकढी माणशी दोन ग्लास धरा, एकाने भागत नाही.

बसायला चटई, सुरूच्या सावलीत. माडाखाली बसू नका, नारळ सांगून पडत नाही. ताटं स्टीलची किंवा पत्रावळी, थर्माकोल-प्लास्टिकवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, आणि इथे वाऱ्याने उडालेला ग्लास सरळ पाण्यात जातो जिथे सकाळी आपण मासे बघितले. काटे-खरकटं एका पिशवीत भरून त्याच घरी परत द्यायचं. नशीब असेल तर जेवताना समोर रापण ओढताना दिसते, गावातली पंधरा-वीस माणसं दोन्ही बाजूंनी दोर धरून जाळं किनाऱ्याला आणतात आणि आलेली मासळी वाटून घेतात. फोटो काढण्यापेक्षा दोराला हात लावू का म्हणून विचारा, बहुधा हो म्हणतात.

जेवणानंतर तासभर पाण्यात कोणी नाही. पडून राहायचं.

अडीच-तीन: संगम आणि वाळूचा पट्टा

देवबागच्या खाडीच्या बाजूने छोट्या बोटी मिळतात. कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम, पलीकडे भोगव्याचा लांब किनारा, आणि मध्ये वाळूचा पट्टा ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला असं गावात सांगतात. हा पट्टा ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. आपण भांगाचा दिवस घेतलाय त्यामुळे ओहोटी फार खाली जात नाही, पट्टा पूर्ण कोरडा न मिळता घोटाभर पाण्यात मिळू शकतो. मला तसाच जास्त आवडतो, थंडीत तिथे कुरवांचे म्हणजे सीगल पक्ष्यांचे थवे बसलेले असतात. त्यांच्यात मुलांना पळवू नका, हजारो किलोमीटर उडून आलेले असतात, बसू द्या. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चाला, खाली पाकट (स्टिंगरे मासा) बसलेलं असेल तर ते आवाजाने निघून जातं, पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं.

संगमाच्या तोंडाशी पोहायचं नाही. इथे नदीची आणि ओहोटीची ओढ एकत्र असते, वरून पाणी शांत दिसतं आणि कमरेइतक्या पाण्यातून माणूस सरकतो. बोटीतच बसून तोंडापर्यंत जा, सकाळी जास्त पण दुपारीही कधी डॉल्फिन दिसतात. दिसले तर तांडेलला इंजिन मंद ठेवायला सांगा, पाठलाग केला की ते खाली जातात आणि परत वर येतात ते भलतीकडेच. साडेचारपर्यंत बोट धक्क्याला हवी, दुपारचा खारा वारा तोपर्यंत चांगलाच वाढलेला असतो आणि येताना तोंडावर पाणी उडतं, मोबाईल आधीच पिशवीत.

काही झालंच तर

जेलीफिश लागला तर चोळायचं नाही, गोडं पाणी लावायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवून, चिकटलेले धागे चिमट्याने काढून, मग सोसेल तितक्या गरम पाण्यात तो भाग ठेवायचा. साळिंदराच्या किंवा पाकटाच्या काट्यालाही गरम पाणीच, काटा खोल असेल तर ओढत बसू नका, मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे. श्वास लागला, चेहरा सुजला तर थांबू नका, १०८. समुद्रात अडकलात तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४, तो निघायच्या आधीच सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू दे.

आणि सकाळी तांडेल म्हणाला की आज नको, तर नको. ऍडव्हान्स दिलाय म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. आमचंही एकदा असं झालं, आम्ही किल्ला बघितला, दुपारी तेच जेवण जेवलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात गेलो, म्हणून जमलं तर एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर आंघोळीच्या आधी मास्क आणि नळ्या बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, मीठ कडेवर वाळून राहिलं तर पुढच्या खेपेला मास्क गळू शकतो. सावलीत वाळवायच्या, उन्हात नाही. आत्याने तिचा मास्क यंदा स्वतः धुतला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि मला म्हणाली, आता पुढची दशमी कधी ते बघ.